नानांचं थांबणं

नाना थांबले. तसे ते गेली दोन वर्षं मधूनमधून थांबतच होते, त्यात नवं काही नव्हतं. माझा हात सवयीने की-बोर्डवर गेला. थांबले तिथे एक काप, पुन्हा बोलायला लागतात तिथे दुसरा काप, मधलं उचलायचं आणि फेकायचं, हे मी आता डोळे मिटूनही करू शकते. पण पुन्हा बोलायला लागतात ती जागा येईना. दहा सेकंद गेले, वीस गेले. समोर सुनेचं काम करणारी मुलगी तोंडावर तोच रडवेला भाव धरून उभी होती आणि तो भाव आता तिला जड झाला होता. मग नानांनी मान जरा डावीकडे वळवून खाली बघितलं. सेटच्या त्या बाजूला काही नसतं. एक कुंडी आणि दिव्यांच्या वायरी. तिथे बघत ते अगदी हळू, पण छातीवरच्या माइकमध्ये स्वच्छ ऐकू येईल असं म्हणाले, "कारभारी, दे ना रे." कारभारी म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

मी हेडफोन काढून ठेवले. नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या माझ्या या फ्लॅटच्या मागच्या खोलीत दुपारी दोननंतर पडदा ओढला तरी ऊन येतं. शेजारच्या इमारतीत कुणीतरी फरशी कापत होतं. मी पुन्हा हेडफोन घातले, मागे जाऊन तेवढाच तुकडा लावला, आणि पुन्हा लावला. एक्केचाळीस सेकंद. सहा वाजता एपिसोड मुंबईला गेला पाहिजे, नाहीतर यादवचा फोन येतो. यादव हा प्रॉडक्शनचा माणूस, त्याचं काम फक्त मला 'कुठपर्यंत आलं' विचारायचं. हे सगळं मला कळत होतं आणि तरी मी नानांच्या त्या खाली गेलेल्या नजरेत अडकून बसले होते, कारण ती नजर माझ्या ओळखीची होती. आमच्या गावी, नामपूरला, नाटकाच्या वेळी माझे वडील नेमके तिथेच बसत, डाव्या विंगेत, गोणपाटावर मांडी घालून. आणि त्यांच्या शेजारी वहीवर बॅटरीचा उजेड धरून मी.

वडील बाजार समितीत मापाडी होते. दिवसभर काट्यापाशी उभं राहून कांद्याची वजनं ओरडायची. लिलाव उरकले, ट्रॅक्टर गेले की त्याच शेडमध्ये नाटकाची तालीम, पायाखाली कांद्याची सालं उडतायत आणि हिरामणनाना मधोमध उभे. दिवसा ज्यांचा आवाज सगळ्या यार्डात जायचा ते वडील तालमीत वही घेऊन नटांना शब्द द्यायचे, तेही हातभर लांबसुद्धा ऐकू येणार नाही असे. मला त्याची फार गंमत वाटायची. वडील म्हणत, प्रेक्षकाला ऐकू गेलं तर तो प्रॉम्प्टर कसला, तो दुसरा नट. सगळ्या गावात त्यांना एवढ्याच एका गोष्टीची मिजास होती. टाळ्या नानांना, शिट्ट्या नानांना, यात्रेत हार नानांना, आणि आमचे वडील विंगेतून वही काखेत मारून बाहेर यायचे आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून खूश व्हायचे. खरं तर नानांना शब्द लागायचाच नाही. त्यांना सगळं पाठ असायचं. तरी मोठं भाषण आलं की ते एकदा डावीकडे खाली बघायचेच. मी विचारलं तर वडील म्हणाले, "त्याला शब्द नाय लागत. मी तिथं हाय का, एवढं बघतो."

तर अशा माणसाच्या पोटी मी जन्मले आणि एडिटर झाले. यात योगायोग कमी आणि नानांचा हात जास्त. नामपुरातून सिनेमात गेलेला पहिला माणूस म्हणजे ते. इन्स्पेक्टर, डॉक्टर, नायिकेचा मामा, तीन वाक्यांचा वकील, असं करत करत त्यांनी मुंबईत पंचवीस वर्षं काढली. आणि मी कॉलेज संपवून घरात कुढत बसले होते तेव्हा तेच मला अंधेरीतल्या एका एडिटरच्या ऑफिसात घेऊन गेले. माझ्याबद्दल त्यांनी एकच वाक्य सांगितलं. "कारभारीची पोर आहे, हिचा हात शांत आहे." त्या एका वाक्यावर मी आजवर जेवते आहे. पुढे नाशिकला मालिकांची शूटिंगं सुरू झाली, गिरणाऱ्याकडे बंगले भाड्याने मिळायला लागले, तेव्हा नाना मखमलाबादला घर घेऊन राहिले आणि मीही लॉकडाऊननंतर मशिन उचलून इकडे आले. गावच्या यात्रेत आम्हा 'सिनेमावाल्यांचा' एकदा सत्कारही झाला. चारजण होतो, पैकी एक लाइटमन आणि एक कपडेवाली. सरपंचांनी नानांना शाल दिली आणि मला विचारलं, "तुम्ही नेमकं काय करता?" मी म्हटलं, "नको ते काढून टाकते." लोक हसले. नाना सगळ्यांत मोठ्याने हसले.

ते पहिल्यांदा थांबले तेव्हा मला काहीच वाटलं नाही. सगळेच थांबतात. मालिकेत कागद सकाळी हातात पडतो, शाई वाळायच्या आत सीन. कॅमेऱ्यामागून सहायक वाक्य ओरडतो, नट ते म्हणतो, अडला तर दिग्दर्शक म्हणतो, चला, एडिटमध्ये बघतील. एडिटमध्ये म्हणजे मी. सेटवर कुणी एक थांबणं बघतं, कुणी दुसरं. दिग्दर्शक तर तीन बदलले. सगळी थांबणी एका जागी जमा होतात ती माझ्याकडे. चार महिन्यांत माझ्या लक्षात आलं की नाना इतरांसारखे अडत नाहीत. इतर नट अडला की शिवी घालतो, हसतो, कपाळावर हात मारतो. नाना अडले की काहीच करत नाहीत. दिवे गेल्यावर आपण जसे जागच्या जागी उभे राहतो, तसे उभे राहतात. आणि मी काय केलं? मला आनंद झाला, हे आता सांगायला लाज वाटते. मला वाटलं, आता शब्द द्यायची माझी पाळी. सुनेचा ऐकतानाचा चेहरा घातला की नानांचे सहा सेकंद झाकले जातात. चुकलेल्या शब्दाच्या जागी मागच्या महिन्यातल्या एपिसोडमधून त्यांचाच तो शब्द आणून चिकटवता येतो. आणि फारच झालं तर प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवून ढोल वाजवायची सोय मालिकेत आहेच, आपण उगाच तिला नावं ठेवतो. एकदा तर त्यांचं पूर्ण वाक्य मी पाच दिवसांतून वेचलेल्या शब्दांचं शिवलं. ते लागलं तेव्हा चॅनलमधून निरोप आला, नानांचा सीन कडक. मी खुर्चीत एकटीच हसले. वडील वही काखेत मारून निघायचे तशी मी मशिन बंद करून निघाले आणि खाली जाऊन पाणीपुरी खाल्ली.

मग नानांचे फोन यायला लागले. पहिला फोन मागच्या संक्रांतीच्या आसपासचा. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग एकदम आवाज खाली आणून अहिराणीत म्हणाले, "मोहिनी, परवा त्या देवघराच्या सीनला मी कोठे अडकनू व्हतू का गं?" मला वाटलं, म्हाताऱ्याला वाईट वाटेल. मी म्हटलं, "नाही हो नाना. सरळ गेला सीन." पलीकडून फक्त, "बरं." आठ-दहा दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न, दुसऱ्या सीनबद्दल. मी पुन्हा तेच उत्तर दिलं, आणि या वेळी वर हसून म्हटलं, "तुम्ही कशाला अडकताय? तुम्ही म्हणजे एक टेक." तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं तेव्हा प्रश्न नव्हता, विनवणी होती. "खरं सांग." आणि मी खरं सांगितलं नाही. प्रॉम्प्टरने नटाला, मी तुला तेरा ठिकाणी शब्द दिला, असं कधी सांगायचं नसतं, हे मी वडिलांकडून शिकले होते. वडिलांनी दिलेला शब्द निदान नानांच्या कानात तरी जायचा, एवढा फरक माझ्या डोक्यात आला नाही. नंतर फोन बंद झाले. मला वाटलं, चला, माणूस निवांत झाला.

आज ते एक्केचाळीस सेकंद पाचव्यांदा बघितल्यावर मी उठून पाणी प्यायले, परत मशिनपुढे बसले आणि वत्सलाकाकूंना फोन लावला. काकू म्हणजे नानांची बायको. नाशिकला राहून राहून त्या अर्धं इथलं आणि अर्धं अहिराणी बोलतात.

"बोल माय," त्या म्हणाल्या.

"नाना कसे आहेत?"

"झोपेल शेतस. आज सुट्टी ना. गोळी घेतली का झोप येस त्यास्ले."

"कसली गोळी?"

"मनाची. वरीस व्हयनं आता. तुला बोलले नाहीत का? त्यास्ले भास व्हयेत ना." काकू आवाज खाली आणून बोलायला लागल्या. "घरी यायचे नि म्हणायचे, आज मी मधीच थांबनू, माले काही सुचेच ना, सगळे बघत बसले. रडायचे गं. मग आठवड्याने टीव्हीवर तोच सीन लागायचा. आम्ही दोघं डोळे फाडून बघायचो. कोठे काय? धडाधड बोलतात. मी म्हणे, बघा, कोठे थांबलात? एकदा म्हणाले, वत्सला, मला जे घडत नाही ते आठवतं. मी घाबरून गेले. डॉक्टरकडे नेलं, तिथे मोबाईलवर एपिसोड दाखवला. मी म्हटलं, डॉक्टर, हा माणूस पानंच्या पानं पाठ म्हणतो आणि म्हणतो मी विसरतो. डॉक्टर म्हणाले, एवढं पाठ म्हणणाऱ्याला विसरायचा आजार कसला, मनात भीती बसलीये. तवापासून गोळ्या. आता काही म्हणत नाहीत बिचारे."

मी काहीतरी म्हणून फोन ठेवला. काय म्हटलं ते आठवत नाही. फरशी कापण्याचा आवाज थांबला होता. मी त्या फोनच्या आधी स्वतःला चांगली समजत होते, हे मला अगदी स्पष्ट जाणवलं, आणि फोननंतर तसं समजण्याची सोय राहिली नव्हती. डॉक्टरांनी जे बघितलं ते मी शिवलेलं होतं. काकूंनी दर संध्याकाळी पुरावा म्हणून नवऱ्यापुढे धरलं तेही माझंच. नाना एकटे खरं बोलत होते आणि आम्ही तिघांनी, त्यातल्या दोघांनी तर काही माहीत नसताना, त्यांना खोटं पाडलं. मी विचारात पडले होते म्हणावं तर तसंही नाही, कारण समोर बघते तर सीन कापून तयार होता. काकू बोलत असताना माझ्या उजव्या हाताने ते काम उरकलं होतं. सुनेचा चेहरा, ढोल, नानांचं पुढचं वाक्य. कुठे सांधा दिसत नव्हता. मी तो सलग लावून बघितला आणि मला स्वतःच्या हाताची भीती वाटली.

आता दोनच गोष्टी होत्या. हा सीन असाच सहाला पाठवायचा, म्हणजे आठवड्याने तो घरी लागेल आणि नाना पुन्हा एकदा बघतील की आपण थांबलो नव्हतो. गोळ्या चालू राहतील आणि जो आजार आहे तो कुणी न बघता वाढत जाईल. नाहीतर ते जसे थांबले तसे त्यांना दाखवायचे. मग त्यांना कळेल की आपलं काम संपलं. अडुसष्टाव्या वर्षी नटाला हे सांगायचं, आणि कुणी, तर ज्या पोरीला त्यांनी बोट धरून अंधेरीला नेलं तिने. शिवाय दोन वर्षं मी काय करत होते तेही सांगायचं. यादवचा फोन आला. "मॅडम, कुठपर्यंत आलं?" मी म्हटलं, "सहाला देते." म्हणजे अजूनही मी दोन्ही दारं उघडी ठेवली होती, अशी मी. मग न कापलेला तुकडा लॅपटॉपवर घेतला आणि स्कूटरला किल्ली लावली.

द्वारका चौकात नेहमीसारखी गर्दी, ट्रकमागे ट्रक. मी वाक्यं जुळवत होते. नाना, तुमची माफी मागायची आहे. नको, हे आमच्या मालिकेतलं वाक्य. नाना, जरा हे बघा. नाना, तुम्ही विचारलं होतं ना. पुलावर आल्यावर गोदावरीचा ओला वास आला आणि मला उगाच वाटलं की आत्ता स्कूटर पंक्चर व्हावी. पंचवटीतून पुढे गेले, मखमलाबाद नाका गेला. वाटेत एका टपरीवर थांबून चहा घेतला, तोही सावकाश. नानांना राग येईल याची मला भीती नव्हती. ते रडतील याची होती. लहानपणी यात्रेत मी त्यांना रडताना बघायचे आणि वडिलांना विचारायचे, खरं रडतात का? वडील म्हणायचे, वहीत लिहिलंय.

दार नानांनीच उघडलं. झोपेतून उठलेले, बनियनवर, गालावर उशीचा वण. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, पण नाव यायला एक क्षण लागला, आणि तो क्षण कापायला माझ्या हातात काही नव्हतं.

"मोहिनी! आठे ये, बस. वत्सला, चहा टाक."

आतून काकूंनी हो म्हटलं. मी लॅपटॉप टीपॉयवर ठेवला. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

"नाना, कालचा सीन आहे. बघा."

त्यांनी चष्मा लावला. सीन सुरू झाला. पडद्यावरचे नाना सुनेला बोलत होते, छान बोलत होते, आणि थांबले. माझ्या शेजारचे नाना पुढे वाकले. मी त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि सबंध वेळ त्यांच्याकडेच बघत होते. त्यांचे ओठ हलले नाहीत, पापणी लवली नाही. पडद्यावरून आवाज आला, "कारभारी, दे ना रे." त्यांनी एक बोट वर केलं, थांब म्हणावं तसं, पण मी काही बोलतच नव्हते. एक्केचाळीस सेकंद संपले. सहायकाने वाक्य ओरडून सांगितलं, पडद्यावरच्या नानांनी ते म्हटलं, सीन संपला.

"म्हंजे मी थांबनू व्हतू," ते म्हणाले.

"हो नाना."

"मागे? देवघराच्या सीनला?"

"तेव्हाही. पुष्कळदा. दोन वर्षं झाली. मी कापत होते. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले."

ते माझ्याकडे वळले. मी आता येईल ते ऐकायला तयार झाले. त्यांच्या कपाळावरची आठी, जी मला वाटतं वर्षभर मी सगळ्या क्लोजअपमध्ये बघत होते आणि अभिनय समजत होते, ती हळूहळू सुटली. खांदे खाली आले. आणि ते हसले. नाटकातलं नव्हे, यात्रेतल्या सत्काराला हसले होते तसं, पोटातून.

"बघ," ते म्हणाले, "बघ, मनं डोकं बराबर व्हतं." मग आतल्या दाराकडे तोंड करून त्यांनी जो आवाज काढला तो लिलावाच्या शेडच्या त्या टोकाला गेला असता. "वत्सला! चहा राहू दे. आठे ये, लवकर ये."

काकू हात पुसत आल्या. नानांनी त्यांना मनगटाला धरून आपल्याशेजारी सोफ्यावर बसवलं.

"तू म्हणे ना, भास शेतस? हे बघ. मोहिनी, परत लाव."

"नाना, डॉक्टरांकडे जायला हवं. वेगळ्या डॉक्टरांकडे. आणि हे असंच मुंबईला पाठवलं तर काम..."

"जाऊ ना. काम गेलं तर जाऊ दे. तू लाव आधी."

मी लावलं. नानांनी एक हात काकूंच्या खांद्यावर टाकला होता आणि दुसऱ्या हाताचं बोट पडद्यावर ठेवलं होतं, लहान मुलाला चित्र दाखवतात तसं. "आता बघ," ते सांगत होते. "आता बोलतोय. अजून बोलतोय. आता थांबतो बघ. हां. थांबला. दिसलं? काहीच सुचत नाही बघ त्याला. मी सांगत नव्हतो?" त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मला तो ऐकवेना. काकूंनी पदर तोंडाशी धरला होता. त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.